आमचे लढाऊ विमान

लढाऊ विमानाला किल्ली नसते, ही गोष्ट मला वयाच्या सत्तराव्या वर्षी कळली. आमच्या स्कूटरला किल्ली होती. बँकेच्या तिजोरीला तर दोन होत्या आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असत. पण कोट्यवधी डॉलरांचं विमान मात्र कुणीही यावं, बसावं आणि सुरू करावं, असं उघडं! "मग चोरीला जात नाही का रे?" असं मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, आधी सुरू करून तर दाखवा."

या बोलण्यातला अर्थ मला त्यानंतर चाळीस मिनिटांनी उमगला.

पण जरा मागून सांगतो. आम्ही राहतो विश्रांतवाडीला. नावात विश्रांती आहे, पण शेजारी लोहगावचा विमानतळ आहे. म्हणजे नाव ठेवणाऱ्यानं ते विमानं यायच्या आधीच ठेवून टाकलं असणार. १९९७ साली हवाई दलाची सुखोई विमानं लोहगावला आली, तेव्हापासून आमच्या शोकेसमधल्या कपबशा अधूनमधून आपोआप वाजतात. सुखोई डोक्यावरून गेलं की घरातलं बोलणं असेल त्या शब्दावर थांबतं आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढं चालू होतं. आमची कित्येक भांडणं या मधल्या अर्ध्या मिनिटात निवून गेली आहेत. हवाई दलाचे देशावर उपकार आहेतच, आमच्या संसारावर थोडे अधिक आहेत.

२०२५ च्या दिवाळीत आमचा नातू हॉस्टेलवरून आला तो तीन खोकी घेऊन. हिला वाटलं, पोरानं आजीसाठी मिक्सर आणला. खोक्यातून निघाला एक काळा दांडा. त्याच्यावर बोटाबोटाला बटणं. दुसऱ्या खोक्यात पुढंमागं सरकणारी एक मूठ, तिच्यावरही तितकीच बटणं. आणि तिसऱ्यात पायांनी दाबायच्या दोन पट्ट्या. शिवणाच्या मशीनची आठवण होऊन ही अजून आशा धरून होती. पण नातवानं दांडा आणि मूठ जेवणाच्या टेबलाला स्क्रूनं आवळले, पट्ट्या टेबलाखाली ठेवल्या, मधोमध आपला भला मोठा पडदा उभा केला आणि जाहीर केलं, "झालं. कॉकपिट तयार आहे."

"आणि जेवायचं कुठं?" हिनं विचारलं.

दिवाळीचे ते आठ दिवस आम्ही जमिनीवर पानं मांडून जेवलो. नातवाच्या मते ती जुनी संस्कृती होती.

विमानाचं नाव एफ/ए-१८ हॉर्नेट. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. "एवढ्या मोठ्या विमानाला माशीचं नाव?" ही म्हणाली. मी तिला सांगितलं की पासष्ट नि एकाहत्तरच्या युद्धांत आपल्या हवाई दलाची ज्या विमानानं शान राखली त्या नॅटचा अर्थ तर चिलट असा होतो. चिलटापासून गांधीलमाशीपर्यंत यायला मला अर्धशतक लागलं, एवढंच.

हा जो प्रकार आहे त्याला सिम्युलेटर म्हणतात. डीसीएस नावाचा एक कार्यक्रम संगणकात भरला की अमेरिकन नौदलाचं हे विमान आतून-बाहेरून, बटणाबटणासकट, पडद्यावर उभं राहतं. हा खेळ आहे असं मला सांगण्यात आलं होतं. खेळ म्हटलं की माणूस पट्टी फेकतो, पत्ते वाटतो, निदान नाणं तरी उडवतो. इथं नातवानं एक पुस्तिका उघडली. तिची पानं शेकड्यांनी होती. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेलाही मी एवढं वाचलं नव्हतं, आणि तिथं तर पगारवाढ होती.

तर, किल्ली नाही. आधी बॅटरी. मग एक छोटं इंजिन सुरू करायचं, कारण मोठं इंजिन सुरू करायला छोटं इंजिन लागतं. हिरवा दिवा लागायची वाट पाहायची. मग उजवं इंजिन फिरवायचं. ते पुरेसं फिरलं की मूठ किंचित पुढं. मग एक गोल खटका पूर्ण एक प्रदक्षिणा फिरवून परत जागेवर आणायचा.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"फिरवायचं, आजोबा."

मग डावं इंजिन. मग एकेक पडदा लावायचा. मग प्राणवायू. मग पंखांचे पाखे खाली, चाकांचं हे, शेपटीचं ते. आणि मग विमानाला आपण कुठं उभे आहोत हे समजेपर्यंत काही मिनिटं गप्प बसायचं. हा भाग मला फार आवडला. निघण्यापूर्वी आपण नेमके कुठं उभे आहोत याचा शांतपणे विचार करणारं हे यंत्र आमच्या बँकेत व्यवस्थापक म्हणून चाललं असतं.

सगळं होऊन विमान धावपट्टीवर आलं, तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. मी घामाघूम झालो होतो. युद्ध, मला वाटतं, एव्हाना संपलं असावं.

उडणं त्या मानानं सोपं. मूठ पुढं ढकलली की गांधीलमाशी धावपट्टी सोडून आपणहून वर जाते. मी काही केलं असं मला वाटलं, पण नातवानं माझा तोही गैरसमज दूर केला. या विमानात म्हणे हातातला दांडा आणि पंख यांचा थेट संबंधच नाही. दांडा हलवणं म्हणजे नुसता अर्ज करणं. तो अर्ज संगणकाकडे जातो. संगणकाचे चार समांतर रस्ते आहेत, ते एकमेकांचं पडताळून पाहतात आणि मग वैमानिकाला जे पाहिजे ते कितपत द्यावं हे ठरवतात. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एक अर्ज नि चार कारकून! फरक इतकाच, की इथला निर्णय सेकंदाच्या आत लागतो. आमच्याकडे दुपारचा चहा मध्ये येई.

समोरच्या काचेवर हिरवे आकडे तरंगत असतात: वेग, उंची, दिशा. त्यांच्या मधोमध दोन पंख फुटलेलं एक छोटं वर्तुळ असतं. विमानाचं तोंड कुठंही असो, विमान खरोखर जाणार कुठं, ते हे वर्तुळ दाखवतं. माझं वर्तुळ आधी ढगात गेलं, मग समुद्रात, पुन्हा ढगात. मी दांडा डावीकडे नेला की विमान फार डावीकडे जाई. ते सावरायला उजवीकडे नेला की फार उजवीकडे. प्रत्येक चूक दुरुस्त करताना मी तिच्यापेक्षा मोठी चूक करत होतो. शेवटी विमान मध्यभागी कसं आणावं हे मला सुचेना. बँकेत शेवटची काही वर्षं मी संगणकावर पत्रं लिहीत असे. तिथं मजकूर मध्यभागी आणायला कंट्रोल आणि ई ही कळ दाबत. मी ती दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबल्यावर मोठा स्फोट झाला, काच उडाली आणि मी खुर्चीसकट आकाशात गेलो. वैमानिकाला विमानाबाहेर फेकायची कळ तीच होती आणि ती नेमकी तीनदाच दाबायची होती.

मार्टिन-बेकर नावाची एक इंग्रजी कंपनी अशा खुर्च्या बनवते. तिच्या खुर्चीमुळे ज्याचा जीव वाचतो त्याला कंपनीतर्फे एक टाय देतात. १९५७ पासून अशा लोकांचं एक मंडळच आहे. त्या आठ दिवसांच्या हिशेबानं माझ्याकडे तीन डझन टाय यायला हवेत.

विमानात एक बाई असते. म्हणजे तिचा आवाज असतो. वैमानिक खूप खाली आला की ती सांगते, "आल्टिट्यूड, आल्टिट्यूड." जमीन फारच जवळ आली की म्हणते, "पुल अप, पुल अप." ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा सांगितलेलं पुरुष ऐकत नाहीत हे तिच्या निर्मात्यांना ठाऊक असणार. अमेरिकन वैमानिकांनी तिचं नाव बेटी ठेवलं आहे. मी ते आपल्याकडचंच समजत होतो. संकटात सापडलेल्या म्हाताऱ्याला बेटीनं सावध करावं, ही कल्पना मला हृद्य वाटली होती. ते नुसतं एलिझाबेथचं लघुरूप आहे असं नातवानं सांगितलं तेव्हा जरा वाईट वाटलं. पण मी माझा उच्चार बदलला नाही.

एकदा ही बेटी म्हणाली, "बिंगो, बिंगो." मी आनंदानं उठलोच. आमच्या सोसायटीच्या गणपतीत हाउजी असते, तिथं माझं कधी काही लागलेलं नाही. नातू म्हणाला, "आजोबा, बसा. पेट्रोल संपत आलंय."

लढाईबद्दल मला फार काही सांगता येणार नाही, कारण ती मी पाहिलीच नाही. आमच्या कल्पनेतली विमानांची लढाई म्हणजे समोरासमोर, एकमेकांच्या शेपटीमागं, गरगर फिरत. ती अजूनही होते म्हणे, पण बहुतेक वेळा शत्रू वीसपंचवीस कोसांवर असतो आणि आपल्या दृष्टीनं तो पडद्यावरचा एक चौकोनी ठिपका असतो. त्याला पुरेसं निरखून अग्निबाण सोडायचा आणि ओरडायचं, "फॉक्स थ्री!" म्हणजे तीन नंबरचा कोल्हा. एक नि दोन नंबरचेही कोल्हे आहेत. जसा अग्निबाण तसा कोल्हा. मी माझा पहिला कोल्हा सोडला तो नेमका जाऊन ठिपक्याला भिडला. मी टाळी वाजवली. नातवानं डोक्याला हात लावला.

"काय झालं? लागला ना?"

"आजोबा, ते आपलं टँकर विमान होतं. आपल्याला हवेत पेट्रोल द्यायला आलं होतं."

सारे चौकोन सारखेच दिसतात, त्याला मी काय करणार?

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खरी होत नाही, ती म्हणजे वजन. हॉर्नेट जोरात वळवलं तर वैमानिकाचं वजन साडेसातपट होतं. म्हणजे माझ्यासारखा अडुसष्ट किलोचा माणूस पाचशे किलोंवर जातो. डोक्यातलं रक्त पायांत उतरतं आणि दिसेनासं होतं. सिम्युलेटरमध्ये पडद्याच्या कडा काळ्या होत येतात, आतला वैमानिक कुंथल्याचा आवाज येतो, आणि आपण मात्र जेवणाच्या खुर्चीत मांडी बदलून आरामात बसलेले असतो. पाचशे किलोंच्या माणसानं बेसनाचा लाडू खावा, ही सोय खऱ्या विमानात नसणार.

पडद्याशिवाय विमान शिकवायचं हे खूळ तसं जुनं आहे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसानं १९२९ साली असलं पहिलं यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा कारखाना होता ऑर्गनचा. आपल्या संगीत नाटकांत ज्याच्यामागं मंडळी हवा भरत बसत, तोच ऑर्गन. पोरानं त्यातले भाते काढले, त्यांवर एक लाकडी बुटकं विमान बसवलं आणि भात्यांत हवा भरून ते डुलवलं. लोकांनी ते जत्रेतला पाळणा समजून त्यात पोरं बसवली. पुढं १९३४ साली अमेरिकन सैन्याला टपाल वाहायचं काम पडलं, खराब हवेत वैमानिक पटापट मरू लागले, तेव्हा सैन्यानं असले सहा पाळणे विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धातले लाखांनी वैमानिक त्याच भात्यांवर शिकले. ऑर्गनचे सूर ऐकून डुलणारे आमच्याकडेही कमी नव्हते. त्यातून विमान निघेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हे मी एवढं लांबवतो आहे, त्याला कारण आहे. आता मला एक कबुली द्यायची आहे आणि ती मी बावन्न वर्षं कुणाला दिलेली नाही. तेव्हा हा भाग जरा मनातल्या मनात वाचा.

आम्ही मूळचे वाईचे. वडील शाळामास्तर. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर विमानं चालून आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों आपलं नॅट घेऊन त्यांच्यावर तुटून पडले आणि कामी आले. हवाई दलातल्या माणसाला मिळालेलं परमवीर चक्र आजवर ते एकच आहे. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. सोळाव्या वर्षी जे व्हायचं ते झालं. मी घाटावर पालथा पडून आकाशाकडे बघू लागलो, म्हणजे उताणा पडून. वडिलांनी भूगोलाचा नकाशा आणून दिला. आणि १९७३ साली लेखी परीक्षा पास होऊन मी निवडीसाठी एका लांबच्या गावी गेलो. छातीवर नंबर लावून धावलो, उड्या मारल्या, इंग्रजीत बोललो. बोलण्यातही निभावलो. मग त्यांनी मला एका यंत्रासमोर बसवलं.

यंत्र म्हणजे एक पेटी. पेटीवर एक प्रकाशाचा ठिपका. हातात दांडा, पायाखाली दोन पट्ट्या. ठिपका मनाला येईल तसा पळतो. त्याला मधोमध आणून ठेवायचं. बस्स, एवढंच. माझा ठिपका आधी वर गेला, मग खाली, पुन्हा वर. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर बाकी सैन्यात काहीही व्हा, वैमानिक होता येत नाही. मी परतीच्या गाडीत बसलो.

घरी काय सांगायचं? मास्तरांच्या पोराला एक ठिपका जागेवर ठेवता आला नाही, असं? मी सांगितलं, "डोळ्यांत जरा कमी पडलो." डोळ्यांना कुणी नावं ठेवत नाही. पण वडील लगेच म्हणाले, "मग चष्मा लावून घ्यायला हवा." झालं! मी एकटाच पुण्याला आलो. चष्मेवाल्यानं डोळे तपासले आणि म्हणाला, "उत्तम आहेत." मी म्हणालो, "असू देत. साध्या काचा घाला." त्यानं माझ्याकडे पाहिलं, घातल्या, आणि पैसे मात्र नंबरच्या काचांचे घेतले.

तो शून्य नंबरचा चष्मा मी चोवीस वर्षं वापरला. तो लावून मी बँकेत लागलो, तो लावून मुलगी पाहिली. बेचाळिसाव्या वर्षी मला खरोखरीच चाळिशी लागली, तेव्हा इतर लोक हळहळतात, मी घरात पेढे आणले होते. कशाचे ते सांगता येईना, म्हणून बढतीचे म्हणून सांगितले.

इथवर गंमत आहे. गंमत नाही ती एवढीच, की मी वाईला येऊन डोळ्यांचं सांगितलं त्याच आठवड्यात वडिलांनी घरातला चाळीसचा बल्ब काढून शंभरचा लावला. धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. बिलाच्या धास्तीनं जो माणूस जेवताना दिवा मालवून चांदण्यात हात धुवायला सांगे, त्यानं शंभरचा बल्ब लावला. येईल त्याला ते सांगत, "मी दिवा वाचवला आणि पोराचं विमान घालवलं." १९९२ साली ते गेले. तोवर हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन, मोजलेलं नाही.

तर असा मी, आणि हा दांडा, या पट्ट्या, आणि हे पळणारं वर्तुळ. माझं विमान का पडत होतं हे नातवाला कळत नव्हतं. मला कळत होतं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरचे विंग कमांडरसाहेब फराळाला आले. हे निवृत्त आहेत. उमेदीची सारी वर्षं त्यांनी मिग-२१ उडवलं. २६ सप्टेंबरला चंदिगडला त्या विमानाला हवाई दलानं निरोप दिला, त्या दिवशी साहेब खाली फिरायला आले नाहीत. मला ते "मॅनेजरसाहेब" म्हणतात. मी मॅनेजर कधीच नव्हतो, पण हवाई दलाशी कोण वाद घालणार?

नातवानं त्यांच्यासाठी मिग-२१ काढलं. तेही त्या संगणकात होतं. हॉर्नेटमध्ये सारे पडदे. मिगमध्ये जुन्या पद्धतीची गोल घड्याळं, भिंतभर. साहेब खुर्चीत बसले. पडद्याकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. त्यांचा डावा हात नुसता हवेत पुढं गेला, जिथं आमच्या घरात लोणच्याची बरणी होती, आणि तिथं एक खटका दाबल्यासारखं करून परत आला. मग उजवा गेला. खटके पडद्यावर होते, त्यांचे हात मात्र कुठल्या तरी दुसऱ्या वर्षात फिरत होते. कुणी बोललं नाही.

त्यांनी विमान उडवलं, एक फेरी मारली, आणि उतरवताना धावपट्टीच्या आधीच आपटलं. मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

"खुर्ची काही बोलत नाही," ते म्हणाले. "विमान बुडाला सांगतं, मग डोळ्यांना. इथं बूड बहिरं आहे. आणि वास नाही. केरोसीनचा, रबराचा, आपल्याच घामाचा." पडद्यावर एक चौकट आली होती: पुन्हा सुरू करायचं का? ते तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. "हे बटण आमच्याकडे नव्हतं," म्हणाले आणि त्यांनी ते दाबलं. दुसऱ्या खेपेला मिग लोण्यासारखं उतरलं.

मग मला बसवलं. मी नेहमीप्रमाणं ढगात गेलो, समुद्रात गेलो. साहेब मागं उभे होते. म्हणाले, "मॅनेजरसाहेब, ती काठी आहे. सापाचं मुंडकं नव्हे. आवळता कशाला? दोन बोटं नि अंगठा. सोडल्यासारखं धरायचं."

"सवय नाही," मी म्हणालो.

"आमच्या निवडीच्या वेळी एक पेटी असायची," साहेब म्हणाले. "ठिपक्याची. मूठ आवळणारे सगळे तिथंच जायचे." मग थांबले. माणसं जन्मभर विमान उडवतात ती उगीच नव्हे; त्यांना दुरून येणारी गोष्ट आधी दिसते. "पण तुम्ही तर डोळ्यांवरून गेलात ना? डोळ्यांची तपासणी सगळ्यांत शेवटी असते. म्हणजे पेटी तुम्ही पास झाला होतात." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "या मुठीनं?"

ही चकलीचं ताट घेऊन दारात उभी होती. नातू पाहत होता. मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी लोहगावहून सुखोई उडालं. कपबशा वाजू लागल्या. अर्धा मिनिट आम्ही चौघंही जिथल्या तिथं. बावन्न वर्षांत मला एवढा लांब अर्धा मिनिट आठवत नाही.

आवाज विरला.

"पेटीतच गेलो," मी म्हणालो. "डोळे चांगले होते."

"माहीत आहे," ही म्हणाली. साहेब नव्हे, ही!

"तुला कसं?"

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुईत दोरा जाईना, म्हणून तुमचा चष्मा लावून पाहिला. खिडकीची काच नि ती काच, एकच."

"मग पंचेचाळीस वर्षं बोलली का नाहीस?"

"शोभत होता तुम्हांला." तिनं ताट टेबलावर ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, तशीच हातात धरून राहिली. "पण मामंजींना तेवढं सांगायला हवं होतं तुम्ही. बिचारे त्या बल्बाखाली बसायचे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. साहेबांनी चकली घेतली आणि ती खुसखुशीत झाल्याचं सांगितलं. हवाई दलाची माणसं सभ्य असतात.

तरुण पोरांना असल्या शांततेचं काही नसतं. नातू म्हणाला, "म्हणजे आजोबा, प्रॉब्लेम डोळ्यांचा नव्हताच, ग्रिपचा होता! मग सोपं आहे. बसा."

दोन बोटं नि अंगठा. मला ते जमेना. धरलं की मूठ आपोआप मिटत होती. नातवानं उपमा देऊन पाहिल्या: पेन, ब्रश, खडू. शेवटी साहेब हिला म्हणाले, "वहिनी, दारातली रांगोळी तुमची ना? ती चिमूट यांना दाखवा बरं."

"ती काय दाखवायची?" ही म्हणाली. "सरका." ताट माझ्या हातात देऊन ती बसली. पदर खोचला, दांडा रांगोळीच्या चिमटीत धरला. पंधरा हजार फुटांवर होती गांधीलमाशी. हिरवं वर्तुळ जरा इकडे झालं, जरा तिकडे झालं, आणि क्षितिजावर जाऊन टेकलं. तिथून हललं नाही. बेटी एक अक्षर बोलली नाही.

"याला वळवायचं कसं?" हिनं विचारलं.

"जिकडं जायचं तिकडं नुसतं मनात आणा, आजी."

तिनं मनात आणलं असावं, कारण विमान एका बाजूला कललं, समुद्र वर आला, ऊन पंखावरून घसरत गेलं आणि सगळं पुन्हा सरळ झालं. साहेबांनी हातातली चकली खाली ठेवली.

"अहो, हे धरा, धरा," ही एकदम उठली. "गॅसवर दूध आहे."

ताट कुठं ठेवलं मला आठवत नाही. मी बसलो. दांडा चिमटीत धरला, सोडल्यासारखा. वर्तुळ थोडं वर गेलं. मी काही केलं नाही. ते आपणहून खाली आलं. मी तरीही काही केलं नाही. ते मधोमध राहिलं. किती वेळ राहिलं ते नातवानं मोजलं असेल, मी मोजलं नाही.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. दूध उतू गेलं होतं.